तपासनिसाचा शेरा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घातला असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. आणि त्याला कारण तू, आणि तू पाठवलेलं ते अवघड इंग्रजी शब्दांचं जाडजूड पुस्तक!

बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून तुझं पोट भरलं नाही, म्हणून मी सापडलो. मी आपलं सहज कळवलं होतं, की कारखान्यात पाठवणी विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी होतेय, अठरा वर्षं खुर्च्या तपासतोय म्हणजे ती माझ्याच हक्काची, पण मालकांना इंग्रजी पत्रव्यवहार जमणारा माणूस हवाय. तू लगेच फर्मान काढलंस, रोज दहा शब्द अर्थासकट लिहून काढ. काढले. घरात कोरा कागद मिळेना (तुझ्या भावजयीचा आवराआवरीचा सोस तुला माहीत आहेच), म्हणून जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या लेबलांवर लिहायला लागलो.

आता ही लेबलं तपासणीची. वर छापलेलं 'तपासनिसाचा शेरा', मध्ये रिकामी जागा (अठरा वर्षांत मी ती कधी भरली नाही) आणि खाली माझी सही. एकेका खुर्चीपाशी थांबून सही करायची तर दिवस पुरायचा नाही, म्हणून सकाळीच गठ्ठाभर लेबलांवर सह्या ठोकून मी मोकळा होतो. आणि पॅकिंगच्या काकूंचा खाक्या असा, की टेबलावर लेबल दिसलं की चिकटवायचं, वाचत बसायचं नाही. बुधवारी उजळणीसाठी सगळी लेबलं टेबलावर मांडून मी हात धुवायला गेलो, परत येऊन बघतो तर टेबल स्वच्छ! चार दिवसांचे चाळीस शब्द चाळीस खुर्च्यांवर बसून गाडीतून रवाना.

खुर्च्या जायच्या होत्या एका नव्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी पहिली उतरवली, तिच्यावर 'डिलॅपिडेटेड – मोडकळीस आलेला'. दुसरीवर 'प्रिकेरियस – कधी कोसळेल नेम नाही'. तिसरीवर 'ल्युडिक्रस – हास्यास्पद'. आणि प्रत्येकीवर माझी झोकदार सही! बाईंनी गाडी आल्या पावली परत पाठवली. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, अठरा वर्षांत आजच खरा शेरा लिहावासा वाटला का? काकूंना जाब विचारला तर त्याच माझ्यावर उखडल्या, की सही तुमची, मग मी कशाला वाचू? बोल आता!

मालकांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय. मी बाईंना इंग्रजीत नीट खुलासा करायचा. त्यांनी खुर्च्या घेतल्या तर जागा माझी, नाहीतर गोदामातल्या चष्मेवाल्याची. त्या चष्मेवाल्याला साहेब म्हणायचं माझ्याच्याने होणार नाही, ताई, खरंच सांगतो. वैतागून ते पुस्तक मी कपाटावर भिरकावलंय. यापुढे इंग्रजीचं नाव काढणार नाही, आणि तुझ्याकडे काही मागणारही नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. तो खुलासा तूच लिहून पाठव. उलट टपाली. भाषा सोपी ठेव, 'चुकून चिकटलं' एवढंच सांगायचंय. मला चाळीस शब्द येतात, पण त्यातला एकही इथे चालत नाही.

आणखी एक. तुझी घाई होऊ नये म्हणून कोऱ्या कागदावर खाली सही करूनच पाठवतोय. वर काय लिहायचं ते तू बघ.