चौकटी मोजून काढलेला चढ

ता. ३ मार्च

चि. ठमीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. उजवं मनगट प्लास्टरात, शिवणयंत्र झाकून ठेवलंय. गिऱ्हाइकांना सांगते, की चाकांची खुर्ची मीच जोरात सोडली. पण दाराशी एवढ्या हौसेने रॅम्प करून दिलास आणि मी पडल्यापासून फिरकली नाहीस. सुतार नवी मापं मागतोय. रागावलीस का?

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
मावशी

ता. ७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रागावेन कशाला? तोंड दाखवायची लाज वाटते. माझं गणित चुकलं. चढ म्हणजे उभं अंतर भागिले आडवं अंतर. तुझा उंबरा चाळीस सेंटिमीटर उंच, रॅम्प आडवा एकशेवीस. चढ झाला एक तृतीयांश, म्हणजे घसरगुंडीच. खुर्चीला एक बारांश हवा.

मी आलेखाच्या कागदावर रेष काढली. नीट मावावी म्हणून उभी चौकट वीस सेंटिमीटरची धरली, आडवी पाचची. मग मापं न वाचता नुसत्या चौकटी मोजल्या. उभ्या दोन, आडव्या चोवीस. एक बारांश आला आणि मी खूश. याच चुकीवर मी वर्गात मुलांच्या वहीत लाल रेघ मारते. आता फळ्यापुढे उभं राहवत नाही. नवी मापं दुसऱ्या कुणाकडून काढून घे.

क्षमा मागायलाही तोंड नसलेली,
तुझी भाची

ता. ११ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

चढाचं गणित मला कळलं. चाळीसची बारापट चारशे ऐंशी. एवढा रॅम्प फाटकाबाहेर जाईल, म्हणून मधे सपाट जागा ठेवून भिंतीशी वळवायला सांगितलाय. बरोबर आहे का ते येऊन बघ, आणि या वेळी मापं वाच.

आता माझं ऐक. फळ्या ठोकल्या तेव्हाच वरून बघून मी खुर्ची मागे घेतली होती. हा जरा उभा नाही का गं, एवढंच विचारायचं होतं. पण भाची गणिताची बाई, तिच्यापुढे अडाणी कशाला दिसायचं, म्हणून गप्प बसले. विचारलं असतं तर तू पुन्हा मोजलं असतंस. लाजेपायी मी मनगट मोडून घेतलं आणि तू घरात दडून बसलीस. आता पुरे.

रविवारी रॅम्प तयार होईल. तू खाली उभी असलीस तरच मी खुर्ची सोडेन. आणि भीती वाटली, तर या वेळी विचारणार आहे.

लोभ आहे तसाच आहे, तो न्यायला ये.
तुझी मावशी