दुश्मनाच्या ताटातली मासोळी

बा, दुश्मनाले जेवाले कायले बसवलं तू? मरून इतकी वर्षं झाली, तरी तुझी ती खोड आज माझ्या जिवावर उठली. तिकडे बरा असशील तर बरं. आधी ऐकून घे.

काल नातीनं गोंदियाच्या टॉकीजमधी लढाईचा पिक्चर दाखवला. त्यातला दुश्मनाचा साहेब खराच होऊन गेला म्हणे, गावंच्या गावं जाळली त्यानं. मी मनात शिव्या घालून राहिली होती. तेवढ्यात तो घरी येते, हात धुते, अन् मांडीवरच्या पोरीले मासोळीचा काटा काढून घास भरवते. बाजूले नात मुसमुसली. म्हटलं, "गप! असल्याच एकानं तुझ्या बापाले सरहद्दीवर गोळी घातली." तर म्हणते, "माहीत आहे आजी. पण त्याची पोरगी पाह्य ना."

अन् मले तू दिसला. दिवाळीनंतर मंडईची जत्रा, त्यात गावचं नाटक, अन् दुश्मनाचा सरदार दरसाल तूच. ते सोंग दुसरं कोणी घेतच नव्हतं. वर्षभर लोक नावं ठेवत. एका साली तू लढाईच्या आधी सरदाराचं जेवण घुसवलं. त्याची पोरगी मी. ताटात मायनं रांधलेली मासोळी, गावच्या तळ्यातली, बोडीतली, खरीच. तू काटे काढून राहिला, मी खाऊन राहिली. खालून आरडा, "अबे, मारतं का चारतं?" चप्पल आली, तुझ्या खांद्याले लागली. तू हातचा घास सोडला नाही. घरी माय म्हणाली, "कायले करता जी असे चाळे?" तू म्हणाला, "दुश्मन का उपाशी लढते? त्याच्याही घरी चूल असंल ना."

माझा पोरगा शेवटच्या सुट्टीत आला, तेव्हा त्यालेही मी काटे काढूनच वाढलं. मिशीवाला गडी, "माय, मी फौजी आहो," म्हणून हसला. मग पेटीच आली. तेव्हापासून त्याले मारणाऱ्याचं तोंड मी मनात करून ठेवलं होतं. दात अन् डोळे, बस. ना घर, ना ताट. त्याच्यावरच मी जगून राहिली होती, बा. काल तेही तू नेलं.

ही चिठ्ठी टाकू कुठं, तूच नाही. आज मासोळी निवडताना वाटलं, त्या गोळी घालणाऱ्यालेही कोणी काटा काढून देत असंल. वाटलं, खोटं कायले सांगू? पण एक विचाराचं आहे, त्याचं उत्तर तू देऊ नको, तुझं ऐकून झालं. त्याच्या मायनं द्यावं. तिच्या पोराच्या गळ्याखाली घास उतरते काय, ते तिनंच सांगावं मले.