कव्हर नसलेला कायदा

१२ जाने. ६५
कोर्टातून आलो तो डोकं तापलेलंच. पक्षकार सुमनबाईचा नवरा, आपला चिनी दातवाला, वारला. आता कलकत्त्याहून दीर उगवला. म्हणे भाऊ चिनी नागरिक, म्हणून वारशाला कायदा चीनचा. पुढे केलं काय, तर बादशाही कायद्याचं इंग्रजी भाषांतर, कातडी बांधणीचं. त्यात विधवेला नुसती पोटगी. दुकानातली खुर्ची, अवजारं दिराची. अरे, ती बादशाही बुडून जमाना झाला! जजसाहेब पुस्तक कुरवाळत म्हणाले, "वकील साहब, इससे ज़्यादा भरोसे की किताब लाइए."
बाई नवऱ्याच्या हाताखाली शिकली, आता स्वतः कवळ्या बसवते. खुर्ची गेली तर खाईल काय?

१८ जाने.
नागपूर. लायब्ररीत चीनचं कपाट बासष्टच्या लढाईपासून कुलूपबंद. तिथला कारकून: "परवानगी आना. कोनाची, ते मले नाही मालूम." एक अमेरिकन पुस्तक तेवढं बाहेर. लेखक म्हणतो, चीनमध्ये आता कायदाच उरला नाही. वा! एकाचा बादशहा जिवंत, दुसऱ्याचं सगळंच मेलेलं. थू.

२४ जाने.
तिरोडी. खाणीच्या युनियनमधला महादेव, नागपूरच्या बौद्ध दीक्षेपासूनचा दोस्त. त्यानं तांदळाच्या कोठीतून पुस्तिका काढली. पेकिंगची, इंग्रजीत, नवा विवाह कायदा. स्वच्छ लिहिलंय: नवरा-बायको एकमेकांचे वारस. नाचावंसं वाटलं. पण कव्हर नाही. कुणी छापली, कधी, काही नाही.
"काहून फाडलं बे?"
"लढाई लागलती तवा. पेकिंग नाव दिसलं का पोलीस आत टाकत."
तेव्हा साऱ्यांनीच फाडली म्हणे. चूक त्याची नाही, शिव्या मात्र त्यानंच खाल्ल्या.

२ फेब्रु.
जजसाहेबांनी पुस्तिका दोन बोटांत धरली. "ये तो कोई भी छाप दे. लाए कहाँ से?" मी नऊची तारीख मागून घेतली. चीनधार्जिणे म्हणून युनियनवाल्यांची धरपकड चालूच आहे, महादेवचं नाव कसं घेऊ? दीर हसला. दात पाडावेसे वाटले, बसवायला भावजय आहेच.
बाहेर सुमनबाई: "त्याचं नाव नोका घेऊ, भाऊ. माह्या खुर्चीपायी कोनाचं घर नोका बुडवू."
तिचाही राग आला. एवढं चांगलं कशाला असावं माणसानं?

९ फेब्रु., सकाळ
महादेव दारात, न बोलावता. खिशातून घडी केलेलं कव्हर काढलं. फाडलं होतं, जाळलं नव्हतं. पेकिंग, साल, सगळं ठळक. फाटकी कड पुस्तिकेला बरोबर बसते.
"कोर्ट इचारीन, कोनापाशी होतं. मी येतो ना संगं."
"वेडा झाला का तू?"
"हौ."
ओरडलो, ऐकत नाही. अंगणात चपला घालून बसलाय. कोट घातला मी. कव्हर टेबलावरच आहे, अजून उचललेलं नाही.