कोठार रॉडनीच्या हाती जाऊ नये म्हणून

मी, डल्सी मार्गारेट हार्कर, कै. विल्फ हार्कर यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार स्कार्थबेक, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराची हमी देत नाही. छातीच्या डॉक्टरांनी तोंड पाडून जे सांगितले ते मला नीट समजले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. संताप आहे, पण संताप म्हणजे दबाव नव्हे, हे मी वकीलबाईंना विचारून घेतले आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यातही ज्यात मी भोळसटासारखे कोठार ‘पथकाच्या विद्यमान कप्तानाकडे’ असे लिहून बसले होते, ते तर आधी.

एक. शब्दांचे अर्थ. या कागदात ‘पथक’ म्हणजे आमचे स्कार्थबेक पथक. पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी राजघराण्यांच्या भांडणात मेलेल्या सैनिकांचे कपडे घालून उन्हाळ्यात किल्ल्यांच्या मैदानांवर त्यांच्या लढाया करून दाखवणारी आम्ही माणसे. ‘कोठार’ म्हणजे माझ्या घरामागचे दगडी कोठार, जिथे पथकाचे सगळे सामान राहते. ‘हिवाळा’ म्हणजे ऑक्टोबरातल्या शेवटच्या खेळापासून मार्चअखेरच्या पहिल्या खेळापर्यंतचा काळ. पथकाचा सध्याचा कप्तान रॉडनी पिकर्सगिल या काळाला ‘सुट्टी’ म्हणतो. हा शब्द मी त्या अर्थाने या कागदावर चढू देणार नाही.

दोन. अंत्यविधी. मला माझ्या हिरव्या लोकरी झग्यात पुरावे. तो मी हाताने शिवला आहे आणि मला अजून होतो. मरण्याचा मला भरपूर सराव आहे. आमच्याकडे हिवाळ्यातच चिठ्ठ्या टाकून ठरतं, उन्हाळ्यात मैदानावर कोण आधी मरणार. नाहीतर सगळ्यांनाच शेवटपर्यंत जगायचं असतं, मग कसली लढाई आणि कसलं काय. चिठ्ठी निघाली की मुकाट्याने पडायचं, आणि मुंगी नाकात शिरली तरी हलायचं नाही. विल्फ फार सुंदर मरायचा. कोरडी जागा बरोब्बर हेरायचा, आणि दोनदा तर खरंच झोपी गेला. रॉडनीची चिठ्ठी कितीदा निघाली, पण हा बाबा पडेल तर शपथ. छातीत बाण, डोक्यावर कुऱ्हाडीचा घाव, आणि साहेब प्रेक्षकांकडे तोंड करून तलवार फिरवतायत. एकदा मला राहवेना. मी मेलेलीच होते, पण गवतातून ओरडले, “अरे मेल्या, मर की आता!” पहिल्या रांगेतली पोरं खिदळली. त्याला वाटलं आपल्यालाच दाद मिळाली.

माझ्या अंत्यविधीला त्याने जरूर यावे. भाषण करू नये.

तीन. बँकेतली शिल्लक, विल्फला शेवटच्या महिन्यांत ज्यांनी उचलून कुशीवर वळवले, त्या शुश्रूषागृहाला द्यावी. राहते घर, घड्याळ आणि आईची कपाटे माझ्या भावाच्या मुलाला, क्वेन्टिनला द्यावीत. भाऊ माझा लाडका होता म्हणून हे देते, क्वेन्टिनच्या गुणांवर नाही. नाताळात त्याचा फोन आला. माझ्या तब्येतीची चौकशी दोन वाक्यांत आटोपून म्हणतो, “आत्या, त्या कोठारात चार खोल्या सहज निघतील बघ. छपरात काचेच्या खिडक्या बसवू. शहरातले लोक चार दिवस राहायला येतील.”

“आणि पथकाचं सामान रे?”

“ते काय, काठ्या आणि घोंगड्याच ना? कुठेही राहतील.”

काठ्या! ॲश लाकडाचे भाल्यांचे दांडे आहेत ते, विल्फने एकेक निवडून तासलेले. क्वेन्टिन, घर घे, सुखाने राहा. कोठाराकडे मात्र वाकड्या नजरेनेही बघायचं नाही.

चार. रॉडनी पिकर्सगिल यास मी काहीही देत नाही. कारणे नोंदवून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारीचं डोकं फिरलं होतं.

पथक लोकांना उन्हाळ्यात दिसतं, पण ते हिवाळ्यात बनतं. आम्ही दर रविवारी कोठारात शेगडी पेटवायचो. चिलखतं वाळूच्या पिंपात घालून पिंप या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोळवायचं, की गंज निघतो. दांड्यांना जवसाचं तेल, जोड्यांना नवे तळवे, फाटक्या विजारींना ठिगळं. मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये कवायत. पडायचं कसं, दुसऱ्याचं डोकं न फोडता घाव घालायचा कसा, हे तिथेच शिकायचं. रॉडनी हिवाळ्यात कधी फिरकला नाही. उन्हाळ्यात मात्र आयत्या बिळावर नागोबा.

या जानेवारीच्या वार्षिक सभेत तो कप्तानपदाला उभा राहिला आणि म्हणाला, “मंडळी, मला एक सांगा, हिवाळ्यात आपल्याला बघतंय कोण? कशाला कुडकुडायचं? घरी बसा, पाय शेकोटीकडे करा. मार्चमध्ये भेटू, ताजेतवाने! मोडकंतोडकं काय असेल ते टाकून देऊ, पोलंडहून तयार सामान मागवू.”

बाहेर बर्फ पडत होता. असं बोलणाऱ्याला हात वर करणार नाही तर काय करणार लोक? भराभर हात वर झाले. मी उभी राहिले. म्हटलं, “आणि गंज? गंजाला कळवलंत का सुट्टीचं?”

“अहो डल्सीबाई,” तो हसत हसत म्हणाला, “तुम्ही ना, फार मनाला लावून घेता.”

मनाला नाही लावायचं तर कशाला लावायचं? चुलीला? सभा संपल्यावर चहाचा कप हातात घेऊन माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, “तुमच्या माघारी... म्हणजे देव करो शंभर वर्षं जगा, पण तुमच्या माघारी कोठाराचं माझ्या डोक्यात फार छान आहे. लग्नं लावायची! दारात आपले शिपाई तलवारी उंच धरून उभे. मधून नवरा-नवरी. आत दिव्यांच्या माळा. लोक उड्या टाकतील!” माझ्या जिवंत तोंडावर हे. मी तो चहा त्याच्या अंगावर ओतला नाही, याचं श्रेय माझ्या आईच्या संस्कारांना द्यावं.

पाच. मोठ्या राहुटीसंबंधी. ही राहुटी लिननची असून माझे पती खोगिरे करणारे विल्फ हार्कर यांनी ती अनेक हिवाळे बसून हाताने शिवली. शेवटच्या हिवाळ्यात त्याची बोटं वळत नव्हती. मी सुईत दोरा ओवून द्यायची आणि तो दातांत ओढून टाका घट्ट करायचा. कोपऱ्यांवरची चामडी त्याने तशी शिवली आहेत. त्यानंतर त्याने काही शिवलं नाही.

ऑक्टोबरातला शेवटचा खेळ पावसात झाला. मी तपासण्यांसाठी इस्पितळात होते. तिथून मी रॉडनीला फोन करून सांगितलं की राहुटी आजच्या आज कोठारात टांग. आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं की ओली राहुटी गुंडाळायची नसते. ऑक्टोबरात आमच्या घराघरांत सोफ्यावर, जिन्याच्या कठड्यावर, न्हाणीघराच्या दारावर राहुट्या वाळत असतात. पाहुणा आला तर वाकून आत येतो, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. रॉडनी म्हणाला, “झालंच समजा.” आणि त्याने ती चिंब राहुटी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोंबून आपल्या गॅरेजात टाकली. बायकोने नवा गालिचा आणला होता म्हणे.

मी विचारत राहिले, तो “उत्तम आहे, उत्तम आहे” म्हणत राहिला. फेब्रुवारीत मी सरळ त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. पिशव्या उघडल्या. आत काळी बुरशी, दोन बाजू हाताने फाटत होत्या. आणि हा माणूस नाकाला रुमाल लावून काय म्हणाला असेल? “थोडा वास येतोय, नाही? बघू, विम्यात बसतं का.”

मी त्याच्या गॅरेजच्या पायरीवर बसून रडले. संतापाने रडले. दुःखानेही रडले, ते इथे लिहायला मला लाज नाही.

सहा. थर्झा मेटकाफ हिच्यासंबंधी. पथकातल्या कोणत्या वस्तू त्या काळाला धरून आहेत आणि कोणत्या नाहीत, हे तपासण्याचे काम थर्झाकडे आहे. या बाईने मला जितके छळले तितके माझ्या सासूनेही छळले नाही. बटणं मोजते, शिवणी उलटून बघते, चष्मे काढायला लावते. एका जानेवारीत कोठारात हाडं गोठवणारी थंडी होती, म्हणून मी रश्शात सलगमांच्या खाली चार बटाटे दडवले. थर्झाने पातेल्यात डाव घातला, एक बटाटा वर काढला आणि सगळ्यांसमोर चोर पकडल्यासारखा उंच धरला. “डल्सी, त्या काळी आपल्या मुलखात बटाटा होता का गं?”

“अगं, बंद कोठार आहे, जानेवारी आहे, इथे कुत्रंही बघायला नाही! कोणाला कळणार आहे?”

“मला कळलं की.” आणि तिने तो बटाटा शेगडीत टाकला. गरम गरम, खारट, चांगला शिजलेला बटाटा! माझं म्हणणं आजही तेच आहे की ते पाप होतं. तेव्हापासून आम्ही कामापुरतंच बोलतो. एकमेकींना नाताळचं कार्ड पाठवत नाही.

आता पुढचे. सभेनंतरच्या पहिल्या रविवारी मी हट्टाने कोठार उघडलं, शेगडी पेटवली आणि बसले. कोणी येईना. बऱ्याच वेळाने दार ढकलून थर्झा आत आली. कोट खुंटीला लावला, बाह्या सारल्या.

“बाकीचे?” मी विचारलं.

“घरी. पाय शेकतायत.”

“मग तू कशाला आलीस?”

“तुझ्यासाठी नाही आले, उगाच फुगू नकोस. चिलखतासाठी आले. धर तिकडून पिंप.”

त्यानंतर गेल्या आठवड्यापर्यंत एकही रविवार तिने चुकवला नाही. राहुटी मी रडतरडत गाडीत घालून आणली, तेव्हा तिने ती उलटून एकेक शिवण तपासली. पुढच्या रविवारी स्वतःच्या घरून लिननचा तागा घेऊन आली. आम्ही सडलेलं कापून काढलं आणि नव्या बाजू जोडायला बसलो. माझी बोटं आता लवकर थकतात. एकदा मी म्हटलं, “थर्झा, ही आतली शिवण आहे. इथे मशीन मारू. कोणाला दिसणार नाही.”

ती मान वर न करता म्हणाली, “विल्फला दिसली असती.”

मग मी हातानेच शिवत राहिले.

सात. कोठार. सबब, माझे दगडी कोठार, त्याखालील जमीन, शेगडी, वाळूचे पिंप, विल्फच्या सर्व आऱ्या आणि दाभण, दुरुस्त झालेली राहुटी व आत जे जे काही आहे ते सर्व, मी थर्झा मेटकाफ हिला पूर्ण मालकीहक्काने देत आहे. कसलीही अट घालत नाही. अट घातली तर ती मुद्दाम भांडेल. इच्छा एवढीच की हिवाळ्यात दर रविवारी शेगडी पेटावी. एक जण आला तरी पेटावी. रॉडनी आला, तर त्याला आधी पिंप लोळवायला लावावं. क्वेन्टिन, रॉडनी किंवा आणखी कोणी या कलमाला हरकत घेतल्यास त्याने हे मृत्युपत्र पहिल्या ओळीपासून कोर्टात मोठ्याने वाचून दाखवावे.

आठ. साक्षीदारांबाबत खुलासा. मला दोन साक्षीदार लागणार, हे शेजारच्या ऑड्री लॉफ्टहाउसकडून थर्झाला कळलं. काल ती चर्चला घालायचा कोट घालून, स्वतःचं शाईचं पेन घेऊन माझ्या दारात आली. “आण कागद. माझं अक्षर चांगलं आहे. नाव पूर्ण लिहीन.”

मी म्हटलं, “तुझी सही नको.”

“नको म्हणजे?”

“नको म्हणजे नको. ऑड्री आहे. आणि रॉडनीला बोलावलंय.”

तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना. “रॉडनीला?” ती म्हणाली. “इतके हिवाळे तुझ्या कोठारात बोटं फोडून घेतली मी, आणि तुझ्या कागदावर सहीला तुला तो लागतो? माझं नाव तुला चालत नाही?” खरं कारण सांगितलं असतं तर तिने कोठार घ्यायलाच नकार दिला असता, ती तशीच आहे. ती दार आपटून गेली. आज रविवार आहे. शेगडी पेटलेली आहे आणि ती आलेली नाही.

रॉडनी दुपारी येतोय. टाय लावून येणार आहे. त्याला वाटतंय हा मोठा मान आहे. मजकूर झाकून मी त्याला फक्त सहीची जागा दाखवणार आहे.

थर्झा, माझ्या माघारी वकीलबाई तुला हे वाचून दाखवतील, तेव्हा नीट ऐक. कायदा असा आहे की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काडीही मिळू शकत नाही. म्हणून तुला सही करू दिली नाही गं. म्हणून त्याला बोलावलं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली. त्या दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

डल्सी मार्गारेट हार्कर

स्थळ : स्कार्थबेक, यॉर्कशायर
दिनांक : १० मार्च २०१९

साक्षीदार :

१. ऑड्री लॉफ्टहाउस, गुरांची डॉक्टर, शेजारीण

२. रॉडनी पिकर्सगिल, कप्तान, स्कार्थबेक पथक