उपाशी मुळं

प्रिय दिव्यानी,

फोनवर तीनदा बोललो आणि तिन्ही वेळा उन्हाचं, पोरांचं विचारून ठेवून दिला. म्हणून लिहितो आहे. यंदा मोहफुलं वेचायला येऊ नकोस. पोरांना तर त्या झाडाखाली अजिबात आणू नकोस. मला भीती वाटते.

बाबांनी ते झाड तुझ्या नावानं केलं तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. लग्नानंतरही नागभीडहून दरवर्षी येतेस आणि मी ‘मालकीणबाई आल्या’ म्हणून चिडवतो. यंदा मोह असा लगडला आहे की लोक थांबून बघतात. आई पहाटेच टोपली घेऊन खाली बसते. मी तिच्याआधी जाऊन बुंध्याशी माती फाटली का ते बघतो. तिला वाटतं, पोरगा सुधारला.

मागच्या महिन्यात आलापल्लीच्या लाकूड डेपोतला वारलूभाऊ भेटला. मी सहजच विचारावं तसं विचारलं, एखाद्या झाडाची साल गोल काढली आणि ते दोन वर्षं हिरवंच राहिलं, तर वाचलं ना? तो हसला. म्हणाला, “वाचते कुठी भाऊ! पाणी लाकडातून वर चढते, म्हणून पानं हिरवी राह्यते. पण पानाईनं बनवलेलं अन्न सालीतूनच खाली येते. साल तुटली का मुळं उपाशी. मरायच्या आधी लय फुलते बी. मंग एक दिवस हवा नसली तरी पडते.”

परवा वरची जाड फांदी आईच्या टोपलीपासून हातभरावर पडली. “हवा आली असन,” म्हणे. कसली हवा, धूळसुद्धा हलत नव्हती. तिथून उठ म्हटलं की ती विचारते, “काऊन?” मी खाली वाकून फुलं वेचायला लागतो.

दोन दिवाळ्यांमागे आई तुझ्या बाळंतपणाला आली होती ना, तेव्हा मीच कुऱ्हाडीनं तुझ्या मोहाची बुंध्याभोवती गोल, वीतभर साल सोलली. उधई लागू नये म्हणून असं सांगत वर शेणमाती थापली. त्याच्या सावलीनं शेताच्या दोन बांध्यांतलं धान पोसत नव्हतं, हे खरं. पण झाड बाबांनी मला दिलं नाही, हेही मनात होतं. आई तर म्हणाली, बहिणीच्या झाडाची किती काळजी! हे पत्र शेजारच्या विक्कीच्या हाती देतो आहे, आजच्या गाडीनं संध्याकाळी तुझ्याकडे पोचेल. उद्या पहाटे आई टोपली उचलायच्या आत तिला फोन कर. सांग, तुझ्या पोरानं झाड मारलं. मी तिच्या बाजूलाच बसलेला असेन.

तुझाच, म्हणवून घ्यायची लाज वाटते तरी,
अजयदादा