बटण चावतं

ता. ५ ऑगस्ट १९३७, गुरुवार. लोणावळा
दिवसभर धुकं. चार वाजताच घरोघर दिवे. पाचच्या सुमारास तुंगार्लीहून शेठच्या बंगल्याचा पहारेकरी धावत आला. "मिस्त्री, चला लवकर, माळीणबाईला विजेनं धरलंय." तसाच निघालो. पोचायच्या आधीच संपलं होतं. हौसा, धोंडिबा माळ्याची बायको. मागच्या पडवीत बटणाखालीच पडलेली, पदर ओला, डोळे... लिहवत नाही. धोंडिबा तिचा तळहात चोळत बसला होता. मला बघून म्हणाला, "मिस्त्री, हात अजून ऊन हाय." नव्हता.
मेन बंद केला. जमलेल्या लोकांनी मला वाट करून दिली. मिस्त्री आले, मिस्त्री आले, म्हणाले.

ता. ६, शुक्रवार
फौजदार आले. पंचनामा झाला. 'ओल्या हाताने बटण लावल्यामुळे.' मला विचारलं, "असं होतं का?" मी म्हटलं, "होतं." खोटं बोललो नाही.
विचारलं नाही ते इथं लिहितो. ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, त्याच बंगल्यात दिवाणखान्याचा पंखा टांगायला गेलो होतो. शिडीवर होतो. हौसा पडवीतून आत डोकावली. "मिस्त्री, ह्ये भायेरचं बटन चावतंय बगा. मुंग्या येत्यात हाताला."
मी वरूनच म्हटलं, "ओला हात लावू नकोस, नाही चावायचं."
हसली. "आमचा हात कोरडा कवा असतोय?"
पंखा झाला. हत्यारं पिशवीत भरली. मळवलीला जायचं होतं, गाडीची वेळ झाली होती. बटण उघडून बघितलं नाही. दोन स्क्रूचं काम.

ता. ८, रविवार
शेठचे मॅनेजर मुंबईहून आले. शेठना कागद हवा आहे, की वायरिंग शाबूत आहे. "काम तुमचंच, तुम्हीच लिहून द्या. शेठचा तुमच्यावर विश्वास आहे." खरं आहे. बंगला जुना, वीज मागाहून घेतली. अकरा वर्षांपूर्वी सगळी तार मीच ओढली. म्हटलं, तपासल्याशिवाय सही नाही करणार. "तपासा की. पण बुधवारी कागद द्या."
जेवण गेलं नाही. सौ.नं ताट उचललं.

ता. ९, सोमवार
मेनपासून सुरुवात केली. फ्यूजमध्ये कुणीतरी जाड तार घातलेली. मन एकदम हलकं झालं, हे माझं नव्हे! दोन मिनिटंच. माणूस मरायला जेवढी वीज लागते, तेवढ्याशा विजेनं कुठलाच फ्यूज जात नाही. हे मला ठाऊक नसेल तर कुणाला?
मेगर मागून आणला होता. हातानं दांडा फिरवायचा, वीज कुठं गळते ते काटा सांगतो. दिवाणखाना ठीक. शेठच्या दोन्ही खोल्या ठीक. प्लग तिन्ही ठीक. वरचा मजला ठीक. एकेक खोली झाली की वाटे, सगळंच ठीक निघेल.
पडवीची लाईन लावली. काटा पार शून्यावर, म्हणजे सगळीच गळती.
तिथं छपराची पन्हळ फुटली आहे, भिंत निथळते आहे. पन्हळच असेल. नाहीतर उंदीर. गेल्या मे महिन्यात शेठनी मुंबईचा वायरमन आणला होता, त्यानं पडवीत काही केलं असेल.
बटण आज उघडलं नाही. उजेड नव्हता, हे कारण. खरं कारण मला माहीत आहे.

ता. १०, मंगळवार
उघडलं.
उंदीर नाही. दर पावसाळ्यात पन्हळीचं पाणी पिऊन मागचा लाकडी ठोकळा फुगला आहे, तो बटणाच्या पितळी टोपीला आतून दाबतो. पण ठोकळा फुगला तरी काही व्हायला नको होतं. तार चाकूनं जास्त सोललेली. बोटाच्या पेरभर उघडी, ती जाऊन टोपीला टेकलेली. म्हणजे सगळी टोपीच जिवंत. ती चावणार नाही तर काय.
वर टेप गुंडाळलेली होती, तीही अर्धवट. उलट्या बाजूनं.
मी डावखुरा आहे. लोणावळ्यात दुसरा डावखुरा वायरमन मला माहीत नाही.
ते काम आठवायचा प्रयत्न केला. आठवलं. शेठची मंडळी दुसऱ्या दिवशी यायची होती. आतल्या खोल्या नीट झाल्या होत्या, एकेक जोड हातानं ओढून बघितलेला. पडवी शेवटची राहिली. मनात आलं होतं, नोकरांची पडवी, चालेल.
हे शब्द जसेच्या तसे आठवतात. चालेल.

ता. ११, बुधवार
सौ.ला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "लिहून द्या, शाबूत आहे म्हणून. ती काय परत येणार आहे?"
पण संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं विजेचं बटण लावलं नाही. रॉकेलची चिमणी पेटवली.
आमच्या घरातली बटणंही मीच बसवलेली.
मॅनेजरना कागद दिला. खरं ते लिहिलं, माझी चूक असंही लिहिलं. त्यांनी वाचला, घडी करून खिशात घातला. "हा शेठना दाखवत नाही. तुमच्याच भल्यासाठी." पुण्याचा वायरमन बोलावणार म्हणे. मी पुन्हा बंगल्यावर यायचं नाही.

ता. १२, गुरुवार
फौजदारांकडे गेलो. तासभर बसवून ठेवलं. "पंचनामा झाला, प्रेताचं दहन झालं. आता मला कामाला लावू नका. घरी जा, झोपा." चांगला माणूस. चहा दिला.

ता. १४, शनिवार
हौसाचा दहावा. तिच्या माहेरी, भाजे गावात. मळवलीला उतरून बांधांवरून चालत गेलो. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं.
घाटावरून सगळे परतले होते. धोंडिबा ओट्यावर एकटा. डोकं भादरलेलं, ओळखू येईना. शेजारी बसलो. सांगितलं. तार उघडी राहिली होती, अकरा वर्षं तशीच होती, माझ्या हातची.
तो मान हलवत राहिला. "न्हाई मिस्त्री. माजं हात चिखलानं भरलं व्हतं. मीच म्हनलो, हौसे, तू लाव बटन. मी उठलो असतो तर..."
"अरे, तू उठला असतास तर तू मेला असतास."
"मंग बरं झालं असतं की."
मी पुन्हा म्हटलं, चूक माझी आहे. तो ऐकेच ना. "तुमी तर सांगितलंवतं तिला, वला हात लावू नगं म्हून. घरी यून बोलली मला. मिस्त्री काळजीचं मानूस हाय, म्हनली."
मला सहन होईना. ओरडलोच त्याच्यावर. "माझी चूक आहे, कळतंय का तुला?" हौसाची आई दारात आली. म्हातारी, वाकलेली.
"सरकारात सांगितलं का ह्ये?"
"सांगितलं. ऐकत नाहीत."
"मंग आमी ऐकून काय करू, बाबा?"
आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. मला पाणीही कुणी दिलं नाही, ते बरं वाटलं.
निघताना धोंडिबा बांधापर्यंत आला. "मिस्त्री, तिला लय दुकलं असंल का वं?"
"नाही," मी म्हटलं. "तिला कळलंसुद्धा नसेल."
मला काय माहीत?

ता. १६, सोमवार
कुठं गेलो नाही. पडून होतो. घरातली पाच बटणं उघडून पाहिली, चार ठीक. स्वयंपाकघरातलं... तार तशीच सोललेली. अकरा वर्षं सौ. तिथं उभी राहते आहे. दुरुस्त केलं. तिला सांगितलं, तरी चिमणीच लावते.
अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दोन-तीन वर्षांत गावातले किती बंगले, किती घरं जोडली! पुढच्या खोल्या नीट केल्या असतील. मागची दारं, न्हाणी, मोऱ्या, नोकरांच्या खोल्या? घरं आठवत बसलो. कागदाची एक बाजू भरली.

ता. १७, मंगळवार
तीन घरांना जाऊन आलो. पहिल्या बंगल्याला कुलूप, मालक दिवाळीत येतात. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. दुसऱ्या घरी न्हाणीचं बटण उघडू दिलं. ठीक होतं. स्क्रू पडला, घरातल्या माणसानं उचलून दिला. तिसऱ्या घरी न्हाणीत तीच उघडी तार, तीच उलटी टेप. बदलली. मालक म्हणाले, "आमचं तर कधी काही झालं नाही." त्यांचं खरं आहे.

ता. १९, गुरुवार
आज पेन्शनीत निघालेल्या मास्तरांच्या घरी गेलो. ते पुण्याला गेलेले. बाई दारातच उभ्या राहिल्या.
"मोरीकडचं बटण फक्त उघडून बघतो, वहिनी."
"आमचं काही बिघडलेलं नाही."
"बिघडलेलं कळत नाही बाहेरून."
"हे बघा मिस्त्री, गावात बोलतात ते आमच्याही कानावर आलंय. तुम्हीच सांगितलंत म्हणे सगळ्यांना. आता आमच्या घरात तुम्ही कशाला हात लावू नका."
म्हटलं, दुसऱ्या कुणाला बोलवा, पण बोलवा. "हे आले की बघू." कधी येणार? "पोळ्यानंतर."
पाऊस कोसळत होता. मोरीची ओल त्यांच्या पावलांवर दिसत होती, अनवाणी. म्हटलं, "निदान एवढं करा. बटण लावताना लाकडी पाट घ्या पायाखाली. त्यावर उभ्या राहूनच लावा."
वेड्याकडं बघावं तसं बघितलं माझ्याकडं. दार लावून घेतलं.
आत पाट सरकवल्याचा आवाज येतो का, म्हणून पायरीवर उभा राहिलो. पत्र्यावर पाऊस एवढा, की काही कळेना.