वरचे दोन दात

सोमवार, १३ एप्रिल १९३६
दात साफ करून आलो. मेन रोडवर नवे दंतवैद्य बसलेत, डॉक्टर सलीम. पायाने मशीन हाणतात, हाताने खरवडतात. वीस वर्षांचं कीटण निघालं. वाडग्यात बघून माझी मलाच लाज वाटली. आता जीभ फिरवली की दात दुसऱ्या कुणाचे वाटतात.

पण म्हणाले, वरचे पुढचे दोन हलताहेत. हिरड्या सावरल्या तर राहतील, नाही तर काढावे लागतील. म्हटलं, डॉक्टर, मी बँडमास्तर. क्लार्नेट त्याच दोन दातांवर टेकते. ते म्हणाले, मग तर जीवापाड जपा.

ऑर्डर अशी: तंबाखू बंद. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, तोही हळू. जेवणानंतर मिठाच्या पाण्याने चुळा. दोन आठवड्यांनी दाखवायला यायचं. नऊ मेला सायखेड्याला खंडेराव पाटलांच्या मुलीचं लग्न, सीझनमधलं सगळ्यात मोठं. म्हणजे सव्वीस दिवस आहेत. त्यात काय एवढं! मी फौजेच्या बँडात शिकलेला माणूस. डिसिप्लिन अंगात भिनलेली आहे.

मंगळवार, १४
डोकं जड. धोंडीरामला उगाच झापलं. तो दुसरा क्लार्नेटवाला, माझाच चेला, बारा वर्षं माझ्या मागे उभा राहून वाजवतो. नव्या ब्रशचे केस डुकराचे असतात असं सौ.ला कुणीतरी सांगितलं. तिने ब्रश उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. पुन्हा डॉक्टरांकडे. हसले. म्हणाले, बाभळीची काडी घ्या, मीही काडीच वापरतो, पण हळू.

बुधवार, १५. दुपार
काडी तुरट. तोंडाला चव नाही, कामात लक्ष नाही. सौ. मागच्या दारी बसून मशेरी लावत होती. तिच्या डब्यातली चिमूटभर घेतली. मशेरी ही दात घासायची वस्तू, खायची नव्हे. तंबाखूची असते, कबूल. पण तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजली की तिच्यातला दोष जळून जातो. डॉक्टर मुंबईत शिकलेले, त्यांना हे कुठून ठाऊक असणार?

घासल्याबरोबर डोकं हलकं झालं. दात स्वच्छ तर मन प्रसन्न म्हणतात ते खोटं नाही.

शनिवार, १८
रोज चार वेळा. डॉक्टरांनी दोन सांगितल्या, मी चार करतो. पेशंट असावा तर असा. प्रॅक्टिस झाल्यावर बँडवाल्यांना तंबाखूवर लेक्चर दिलं. म्हटलं, बघा माझ्याकडे, पाच दिवसांत सोडली. भिका ढोलवाला म्हणाला, मास्तर, बोटाला काळं काय लागलंय? मंजन, म्हटलं.

गुरुवार, २३
सात वेळा. सौ. करवादली. आठवडाभर पुरणारा डबा तीन दिवसांत खडखडीत. पुन्हा तवा ठेवून भाजायला बसली, आळीभर ठसका. म्हणाली, अहो, खात होता तेच बरं होतं, निदान माझ्या डब्यात तरी हात घालत नव्हता. स्वच्छतेचं महत्त्व घरातल्यांनाच पटत नाही. घासून घासून खांदा दुखतोय. सगळं शरीर जपायला गेलं की माणूस असा थकतो.

सोमवार, २७
आज डॉक्टरांना दाखवायचं होतं. नाही गेलो. हिरडीतून रक्त येतंय. वाईट रक्त आहे, निघून जाऊ दे, मग एकदमच दाखवू. आणि ऊन तरी किती!

शुक्रवार, १ मे
क्लार्नेट फुसफुसते. रीड बदलली. तीही तसलीच निघाली. उन्हाने लाकूड तडकलं असावं. धोंडीरामचा सूरही हल्ली चढा लागतो. डावा दात जिभेने ढकलला तर पुढे जातो आणि परत येतो. परत येतो हे महत्त्वाचं.

धोंडीराम जवळ येऊन हळूच म्हणाला, मास्तर, सायखेड्याला पुढे मी उभा राहू का? तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं शिकवलं ते याच्यासाठी? म्हटलं, माझी जागा माझ्या जिवात जीव असेतो माझीच.

मंगळवार, ५
नऊ वेळा. आरशात दात काळपट दिसतात. घरात उजेडच कमी. दात आणि क्लार्नेट यांच्यामध्ये रुमालाची घडी ठेवून वाजवून पाहिलं. कळ थेट कानात गेली.

भीती वाटते. कुणाला सांगत नाही, पण वाटते. क्लार्नेट गेली तर मी कोण? लाल कोट घातलेला एक म्हातारा, दुसरं काय. उठून पुन्हा दात घासले. बरं वाटलं.

रविवार, १०
काल सायखेडा! वा! सुरुवातीला जरा फुर्र झालं, चारदोन टवाळ हसले. हसू देत. पण वरात निघाली आणि क्लार्नेटने असा सूर धरला की माझा माझ्यावरच विश्वास बसेना. जोर लावावा लागला नाही, फुंकरसुद्धा नावालाच. मी नुसती बोटं फिरवत होतो आणि ती गात होती. ओट्यावरच्या बायका डोळे पुसत होत्या. खंडेराव पाटील मांडवाच्या दारात उभे राहून ऐकत होते. सगळी दात राखल्याची पुण्याई! धोंडीराम बिचारा मागे घामाने निथळत होता, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. त्याला एवढं दमायला काय झालं होतं, देव जाणे.

मंगळवार, १२. सकाळ
भाकरीचा तुकडा तोडला आणि डावा दात त्यातच राहिला. तडक डॉक्टरांकडे. उजवा त्यांनी काढला. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, बोटानेच आला. विचारलं, घासत कशाने होता? सांगितलं, मशेरीने, रोज नऊ वेळा. ते म्हणाले, मास्तर, मी तंबाखू बंद करायला सांगितली होती, तुम्ही ती हिरडीत भरत बसलात. म्हटलं, भाजलेली होती. ते हात धुवायला गेले.

संध्याकाळ
खंडेरावांचा माणूस आला. पुतण्याचं लग्न पुढल्या बुधवारी. निरोप असा, की बँड तुमचाच पायजे, पण परवा मागं हुभा राहून वाजवत हुता त्याला पुढं करा. लय गोड वाजवतो. पुढचा मास्तर नुसती बोटं नाचवत हुता, तोंडातून हवाबी निघत नव्हती.

धोंडीराम तिथेच बसला होता. त्याने मान वर केली नाही. भिका पाणी आणतो म्हणून उठून गेला, तो आलाच नाही. म्हणजे बँडात सगळ्यांना माहीत होतं. माझी लाज राखण्यासाठी हा माणूस दोन तास माझ्या पाठीमागे लपून वाजवत राहिला होता, आणि मी इथे वहीत त्याच्या दमण्याचं नवल लिहीत होतो.

पेटीतून क्लार्नेट काढली, फौजेतून आणलेली. धोंडीरामच्या हातात दिली. वाजव, अशी खूण केली. तो आधी रडलाच, मग वाजवली. सौ. चूल सोडून दारात येऊन उभी राहिली. काय सूर होता! इतका स्वच्छ मला उभ्या जन्मात लागला नाही.

हे त्याला सांगायला हवं होतं. पण तोंडात कापूस होता.